सोबत जोडले आहे

मराठी अर्जाच्या तळाशी, डाव्या हाताला, ‘सोबत’ असा एक शब्द असतो. त्याच्यापुढे आकडे घालून आपण जोडलेल्या कागदांची नावे लिहितो. अर्जाच्या आरंभी ‘माननीय महोदय’ असतात, मध्ये ‘विनंती’ असते, शेवटी ‘आपला नम्र’ असतो. या मानाच्या पंगतीत ‘सोबत’ बिचारा अगदी दाराजवळच्या पाटावर बसलेला. शाळेत मुले अर्ज लिहिताना नेमके त्यालाच विसरतात. पण कचेरीतल्या खिडकीशी गेले, की सारा मानपान उलटा होतो. खिडकीतला माणूस आपली विनंती वाचीत नाही, आपल्या नम्रपणाकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याची नजर थेट तळाशी जाते आणि तो विचारतो, ‘दाखला कुठे आहे?’

दाखल्यांशी आपले नाते जन्मापासूनचे. जन्माचा दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा, रहिवासाचा, शाळा सोडल्याचा. निवृत्तिवेतन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना तर नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर धडधाकट माणूस काठी टेकून उभा असताना तो जिवंत असल्याचा कागद मागायचा, यावर आपण घरोघर पुष्कळ हसलो आहोत. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर संगणकातून देता येऊ लागला, तरी तो विनोद काही जुना होत नाही. कागदापेक्षा माणूस मोठा, असे आम्ही कथा-कादंबऱ्या लिहिणारे लोक नेहमीच सांगत आलो आहोत. पण अलीकडे कागदाविषयी माझ्या मनात थोडा निराळा आदर उत्पन्न झाला आहे, आणि त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी.

हा मुलगा पुण्याला एका कंपनीत संगणकाचे काम करतो. मागे एकदा दिवाळीच्या फराळाला आला होता. चकलीचा तुकडा मोडता मोडता मी विचारले, ‘अरे, तू तिथे नक्की करतोस तरी काय?’ हा प्रश्न मी संगणकवाल्या सगळ्याच विद्यार्थ्यांना विचारते आणि उत्तर ऐकून गप्प बसते. कारण त्यातले एक अक्षर मला उमगत नाही. पण हा म्हणाला, ‘बाई, मी कागद जोडतो. अमेरिकेतल्या बांधकामांच्या करारनाम्यांना.’

‘म्हणजे टाचणीने?’

‘टाचणीनेच म्हणा. फक्त ती टाचणी दिसत नाही.’

मग त्याने मला जे समजावून सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगते. अमेरिकेत मोठी इमारत उभी राहते, ती एका कंत्राटदाराच्या हातून नव्हे. मालक एक मुख्य कंत्राटदार नेमतो. तो पायाचे काम एकाला देतो, लोखंडाचे दुसऱ्याला, नळांचे तिसऱ्याला, विजेचे चौथ्याला. हे झाले पोटकंत्राटदार. प्रत्येकाशी वेगळा करारनामा आणि प्रत्येक करारनाम्याच्या सोबत कागदांचा जुडगा. मजुरांच्या अपघातविम्याचे प्रमाणपत्र, इतरांच्या नुकसानीचा विमा, धंद्याचा परवाना, जामीनखत, पैसे पोहोचल्यावर मिळकतीवरचा हक्क सोडल्याचे पत्र. केंद्र सरकारच्या पैशाचे काम असेल, तर १९३१ च्या डेव्हिस-बेकन कायद्यापायी कोणत्या मजुराने किती तास काम केले आणि त्याच्या हातात किती मजुरी पडली, याचा तक्ता दर आठवड्याला सहीनिशी द्यावा लागतो. एका इमारतीवर पन्नास पोटकंत्राटदार धरले आणि प्रत्येकाचे पाच कागद धरले, तरी अडीचशे कागद झाले. त्यांतल्या पुष्कळांची मुदत वेगवेगळ्या दिवशी संपणारी. एखाद्या मोठ्या घरात अडीचशे माणसांची औषधे वेगवेगळ्या वेळी द्यायची असावीत, तसा हा प्रकार.

पूर्वी हे सगळे एखादा कारकून फायलींत सांभाळी. आता करारनामे एका प्रोग्रॅममध्ये राहतात, विम्याचे कागद दुसऱ्यात, हिशेब तिसऱ्यात. या तिघांची एकमेकांशी ओळख नसते. त्यांच्यात देवघेव व्हावी म्हणून जी खिडकी ठेवलेली असते, तिला एपीआय म्हणतात.

‘आपल्या तहसील कचेरीतली खिडकी डोळ्यांपुढे आणा, बाई,’ तो म्हणाला, ‘फक्त आत माणूस नाही आणि बाहेरही माणूस नाही. बाहेरून एक प्रोग्रॅम चिठ्ठी सरकवतो, आतून दुसरा उत्तर देतो.’

चिठ्ठी सरकवण्याचेही शास्त्र आहे. आधी आपण कोण हे सांगून आत यायचा पास मिळवावा लागतो, आणि तो थोड्या वेळाने बाद होतो. मग कोणत्या करारनाम्याला जोडायचे त्याचा क्रमांक. मग कागदाचा प्रकार, तो केव्हापासून लागू, केव्हा त्याची मुदत संपणार, या तारखा. आणि शेवटी तो कागद. इतके झाले की आतून तीन आकड्यांत उत्तर येते. २०१ म्हणजे नोंद झाली. ४०१ म्हणजे तू कोण ते आधी सांग. ४०४ म्हणजे तू म्हणतोस ते इथे नाही. ४२२ म्हणजे चिठ्ठी पोहोचली, पण मजकूर घेण्याजोगा नाही. उदाहरणार्थ, मुदत सुरू व्हायच्या आधीच संपते असे तुम्ही लिहिले आहे. मला मोठी मौज वाटली. इतकी वर्षे वर्गात मी हेच चार शेरे तोंडी देत आले आहे. त्यांना आकडे असतात हे ठाऊक नव्हते.

खिडकी चोवीस तास उघडी. जेवणाची सुट्टी नाही, ‘उद्या या’ नाही, ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. त्याच्या कंपनीने केलेला एक प्रोग्रॅम रोज मध्यरात्री साऱ्या तारखांवरून एकदा नजर फिरवतो. ज्या कागदाची मुदत महिन्याभरात संपणार असेल, त्याच्या धन्याला पत्र जाते. मुदत उलटली आणि नवा कागद आला नाही, की त्या पोटकंत्राटदाराचे बिल थांबते. तो मुख्य कंत्राटदाराचा मेव्हणा असला तरी थांबते.

‘यंत्राला भीड नसते, बाई,’ तो म्हणाला.

हा शब्द ऐकताच मी हातातली बशी खाली ठेवली. भीड! परक्या भाषेत या शब्दाला काय म्हणत असतील देव जाणे. पण आपल्याकडचे अर्धे व्यवहार याच एका अक्षरजोडीवर चालतात आणि अर्धे याच पायी बुडतात.

२०१९ सालची गोष्ट. आमच्या शाळेजवळ एका संस्थेच्या इमारतीवर नवा मजला चढत होता. त्या कामावरच्या बिगाऱ्याची मुलगी माझ्या सहावीच्या वर्गात होती. वर्षाच्या मध्येच आली होती, हातात कसलाही दाखला नव्हता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने दाखला नाही म्हणून अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. तेव्हा तिचे नाव त्याच दिवशी हजेरीपटावर चढले. मुलगी हुशार होती. गणित तोंडी करी आणि पाढे म्हणताना मधल्या सुट्टीची घंटा झाली, तरी पाढा पुरा केल्याशिवाय उठत नसे.

एके दिवशी सकाळी तिचा बाप परांचीवरून खाली आला. दुसऱ्या मजल्याइतकी उंची. जीव वाचला, पण कंबरेचे हाड मोडले. मग कागद शोधायला सुरुवात झाली. संस्थेच्या फायलीत कंत्राटदाराने दिलेली मजुरांच्या विम्याची प्रत व्यवस्थित लावलेली होती, वर शिक्का होता, सही होती. फक्त मुदत संपून एकोणीस दिवस झाले होते. तिथल्या लिपिकाने दोनदा आठवण केली होती म्हणे. ‘आणून देतो की राव, पळून चाललोय का?’ असे उत्तर मिळाले होते आणि चहा आला होता. चहा घेतल्यावर तिसऱ्यांदा कसे विचारायचे? ही आपली भीड. कंत्राटदार ओळखीचा, त्याच्या वडिलांना सारे गाव ओळखणारे, कामही चांगले चाललेले. कोणी लबाडी केली असे नाही. सगळ्यांनी एकमेकांचे मन राखले. ज्याचे हाड मोडले, त्याचे मन राखायला मात्र त्या खोलीत कोणी नव्हते.

कायद्याने विमा नसला तरी भरपाईची जबाबदारी कामावर ठेवणाऱ्याची असते. पण अंथरुणाला खिळलेला, परमुलखात आलेला, आपण नक्की कोणाच्या पगारावर आहोत हेही धड न सांगता येणारा माणूस दावा लावायला कुठे जाणार? मुकादमाने काही हजार रुपये आणून दिले आणि कुटुंब गावी निघाले. आदल्या दिवशी ती मुलगी शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आली. तो आम्ही तिला तासाभरात दिला. त्या साऱ्या प्रकरणात वेळेवर मिळालेला तेवढा एकच कागद.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात घोळत होती, ती त्या संध्याकाळी फराळाच्या ताटापुढे स्पष्ट झाली. कागद मागणे वाईट की चांगले, हा प्रश्नच अपुरा आहे. कागद कोणाकडे मागायचा आणि कोणासाठी मागायचा, हे पाहिले पाहिजे. मुलीकडे दाखला मागू नका, असे सांगणारा कायदा शहाणा आहे. आणि तिच्या बापासाठी कंत्राटदाराकडे कागद मागाच, असे सांगणारा कायदाही तितकाच शहाणा आहे. दुबळ्याकडे मागितलेला कागद त्याच्या वाटेतला धोंडा होतो. दुबळ्यासाठी मागितलेला कागद त्याच्या पायाखालची फळी होतो.

आपल्याकडे मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. इमारत बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली कायदा झाला, बांधकामाच्या खर्चातून शेकडा एक उपकर घेऊन त्यांच्या कल्याणासाठी निधी उभा राहिला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९२३ च्या भरपाईच्या कायद्यासकट हे जुने कायदे त्यांत सामावले गेले. नोंदणीची अट मात्र तीच राहिली : वर्षभरात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेले असावे. आता आज इथे आणि उद्या तिथे माती वाहणाऱ्याने हे नव्वद दिवस कोणाकडून लिहून आणायचे? पुन्हा धोंडा त्याच्याच वाटेत.

करारनामा ही वस्तूच मोठी चमत्कारिक आहे. त्यावर दोघांच्या सह्या असतात आणि जोखीम असते तिसऱ्याची. इसवी सनापूर्वी सुमारे १७५० साली बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने आपले कायदे काळ्या दगडावर कोरविले. तो दगड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे. त्यात गवंड्यासाठी कलमे आहेत. घर पडून घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. मालकाचा मुलगा मेला, तर बांधणाऱ्याच्या मुलाला. भिंत कलली, तर ती स्वखर्चाने नीट करून द्यायची. शिक्षा भयंकर, पण हिशेब रोखठोक. दाखल्याबिखल्याची भानगडच नाही. मात्र त्या कलमांत एक माणूस कुठेच सापडत नाही : घर बांधता बांधता वरून पडलेला मजूर. त्याला कायद्याच्या पानावर यायला पुढे हजारो वर्षे लागली, आणि तो आला तोसुद्धा मूळ मजकुरात नव्हे. तो आला जोडपत्रात, ‘सोबत’ या शब्दाच्या पुढे.

हे सारे मी त्या मुलाला बोलून दाखवले आणि म्हटले, ‘अरे, तुझे ते भीड नसलेले यंत्र आपल्याकडे हवे होते. एकोणीस दिवस आधीच बोंब मारली असती त्याने.’

तो जरा वेळ गप्प बसला आणि मग हसला. ‘बाई, एक गंमत सांगतो. चाचणी करताना मी एकदा विम्याच्या कागदाच्या जागी आमच्या मांजराचा फोटो जोडला. तारखा बरोबर घातल्या होत्या. खिडकीतून उत्तर आले, २०१. वर्षभर मांजर विमा म्हणून चालले असते.’

यंत्राला भीड नाही हे खरे, पण डोळेही नाहीत. कागद जोडला गेला एवढे ते सांगते, आणि तारीख उलटली की ओरडते. कागद खरा की खोटा, पुरेसा की अपुरा, हे त्याच्या गावीही नसते. आता कागद वाचणारे प्रोग्रॅम निघाले आहेत आणि ते मांजराला मांजर म्हणून ओळखतीलही. पण लिहिलेले वाचणे वेगळे आणि लिहिलेल्याचा भरवसा किती हे जाणणे वेगळे. अमेरिकेत विम्याचे जे छापील प्रमाणपत्र सर्रास चालते, त्याच्या माथ्यावरच मोठ्या अक्षरांत बजावलेले असते, की हा कागद केवळ माहितीसाठी आहे; तो ज्याच्या हाती दिला त्याला यातून कोणताही हक्क मिळत नाही. खरी अभयवचने मूळ विमापत्रात असतात, आणि ते कोण मागवून वाचतो?

माणसालाही डोळे असून काय होते, हे १७ जुलै १९८१ रोजी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात दिसले. तिथल्या एका नव्या हॉटेलच्या दालनात छतापासून लोंबणारे पूल होते, एकाखाली एक. मूळ नकाशात दोन्ही पूल एकाच लांब सळईला स्वतंत्रपणे टांगलेले होते. बांधणीच्या सोयीसाठी त्या सळईचे दोन तुकडे केले गेले आणि खालचा पूल वरच्या पुलाला टांगला गेला. दोन मुले एका दोराला आपापल्या हातांनी लोंबकळत असावीत, आणि मग खालच्याने दोर सोडून वरच्याचे पाय धरावेत, तसे हे झाले. वरच्याच्या मुठीवर दुप्पट भार आला. बदललेल्या नकाशावर अभियंत्याचा शिक्का होता. पण त्या जोडाचे गणित पुन्हा कोणी केलेले नव्हते. त्या संध्याकाळी खाली नाचाचा जलसा चालू असताना पूल कोसळले आणि ११४ माणसे मेली. कागद होता, शिक्का होता, जागच्या जागी लावलेला होता. आजच्या खिडकीने त्याला निमूटपणे २०१ दिले असते.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी आग लागून ७२ जणांचा बळी गेला. त्यानंतर इंग्लंडात २०२२ साली नवा इमारत सुरक्षा कायदा झाला. उंच निवासी इमारतीत काय वापरले, कोणी वापरले, कोणाच्या संमतीने वापरले, याची अखंड नोंद आता संगणकावर ठेवावी लागते. त्या नोंदीला ते लोक ‘सोन्याचा धागा’ म्हणतात. नाव सुरेख आहे. पण धाग्यात मणी कोणते ओवले आहेत, ते बोटांनी चाचपून पाहणारा कोणीतरी लागतोच.

माझ्या विद्यार्थ्यालाही हे कळले असावे. निघताना, चपला घालता घालता, त्याने अगदी सहज एक गोष्ट सांगितली. त्या मांजरानंतर त्याने आपल्या चिठ्ठीत एक रकाना वाढवायचा आग्रह धरला : कागद उघडून वाचणाऱ्याचे नाव. ‘तपासले’ अशी नुसती खूण चालणार नाही, नाव हवे. वरिष्ठ म्हणाले, काम लांबेल. गिऱ्हाईक म्हणाले, आमच्या माणसांना वेळ कुठे आहे? महिनाभर घासाघीस झाली आणि अखेर दोनच प्रकारच्या कागदांपुरता रकाना मंजूर झाला. त्यांतला एक, मजुरांचा अपघातविमा.

‘आणि नाव लिहिणारा न वाचताच नाव लिहील, तर?’ मी विचारले. मास्तरकीची खोड, दुसरे काय!

‘लिहील, बाई. पण नाव लिहायचे म्हटले की माणूस एकदा तरी उघडतो. निदान मांजर तरी दिसेल.’

रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे. गड बांधणाऱ्याने आपले नाव कळसावर घातले नाही, पायरीवर घातले. येणाऱ्या-जाणाऱ्याचे पाय जिथे पडतात, तिथे मी आहे, असे सांगण्याची ही रीत. सहलीला मुलांना घेऊन गेले, की त्या पायरीपाशी मी जरा जास्त वेळ थांबते. संगणकातल्या त्या रकान्यात सातासमुद्रापलीकडचा कोणी अनोळखी लिपिक आपले नाव लिहीत असेल, तेव्हा त्याला हिरोजी ठाऊक असण्याचे कारण नाही. पण करतो आहे तो तेच.

आपल्या भाषेने ‘सोबत’ या एकाच शब्दात दोन अर्थ किती सहज ठेवले आहेत! अर्जाच्या तळाशी जोडलेला कागदही सोबत, आणि अंधारातून घरापर्यंत येणारे माणूसही सोबत. पहिल्या अर्थाची सोबत लावायला यंत्र पुरे आहे, आणि ते काम ते आपल्यापेक्षा चोख करते. त्याला ते खुशाल करू द्यावे. दुसऱ्या अर्थाची सोबत ज्याची त्यालाच करावी लागते.

आमच्या खिडकीतून समोर नव्या इमारतीचा सांगाडा दिसतो. दिवाळीमुळे काम बंद आहे. बांबूंच्या परांचीवर कोणी नाही. तिसऱ्या मजल्यावर राखणदाराच्या मुलांनी एक आकाशकंदील तेवढा टांगला आहे, आणि वाऱ्याने त्याच्या झिरमिळ्या हलताहेत. भाऊबीज झाली की माणसे परततील आणि पुन्हा वर चढतील. त्यांच्या नावाचा कागद तोवर कुठेतरी जोडलेला असावा, त्यावरची तारीख उलटलेली नसावी, आणि तो कोणीतरी उघडून वाचलेला असावा.